लेखणी, खुर्ची आणि शरीरसंपदा

राजे, लढाया, तह आणि सनदा यांचा इतिहास आपल्याकडे विपुल लिहिला गेला. शेतकरी, गिरणीकामगार आणि स्त्रिया यांचा इतिहासही पुढे लिहिला जाऊ लागला. परंतु ज्या सुशिक्षित मध्यम वर्गाने हे सर्व इतिहास लिहिले आणि वाचले, त्या वर्गाच्या स्वतःच्या शरीराचा इतिहास मात्र क्वचितच कोणी मनावर घेतला. हा वर्ग लिहितो, हिशेब करतो, टिपणे तयार करतो, अर्ज निकालात काढतो. पण हे सर्व करीत असता त्याचे शरीर काय करीत असते, असे विचारल्यास 'बसलेले असते' एवढेच उत्तर द्यावे लागते. या बसण्यालाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा शेवट पुष्कळदा हृदयविकाराच्या झटक्यात होतो. म्हणून तो केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. त्याच्या अभ्यासास नागपूरइतके सोयीचे दुसरे शहर महाराष्ट्रात सापडणे कठीण. मुंबई व्यापाराने वाढली, सोलापूर गिरण्यांनी वाढले. नागपुरातही १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली खरी, तथापि या शहरास त्याचे विशिष्ट वळण दिले ते कचेऱ्यांनी.

'कारकून' हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ 'काम करणारा' असा आहे. चिटणीस, फडणीस, सबनीस या शब्दांतील 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', अर्थात लिहिणारा. भोसल्यांच्या राज्यात अशा लिहिणाऱ्यांचा मोठा परिवार होता, आणि महालातील चिटणीस पार्कच्या नावात त्याची आठवण अजून टिकून आहे. या काळचा लेखनिक जमिनीवरील बैठकीवर बसे. एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा उभा, त्यावर कागद, बाजूस दौत आणि भोवती रुमालात बांधलेली दप्तरे, असा त्याचा थाट. एखादा जुना कागद हवा झाला की उठावे, रुमाल सोडावा, पुन्हा येऊन बसावे. जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठणे ही लहानशी गोष्ट वाटते. परंतु ब्राझीलमधील अराउझो या वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या दोन हजारांवर माणसांना जमिनीवर बसावयास आणि उठावयास लावून पाहिले, आणि त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केले. ज्यांस हाताचा अगर गुडघ्याचा आधार अधिक लागला, त्यांच्यामध्ये पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले. आपल्या पूर्वजांस ही परीक्षा दिवसातून दहा वेळा द्यावी लागे आणि ती परीक्षा आहे याची त्यांस वार्ताही नव्हती.

तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले, आणि दुसऱ्याच वर्षी डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याचे मुख्य ठाणे झाले; १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी आली; १९०३ साली वऱ्हाडचा कारभार या प्रांतास जोडला गेला; १९२३ साली विद्यापीठ आणि १९३६ साली हायकोर्ट स्थापन झाले. यांपैकी प्रत्येक घटनेबरोबर कचेऱ्या वाढल्या आणि कचेऱ्यांबरोबर कारकून वाढले. सचिवालय, अकाउंटंट जनरलची कचेरी, रेल्वे, टपाल, न्यायकचेऱ्या यांतून नोकरी हेच या शहरातील शिकलेल्या कुटुंबाचे मुख्य साधन होऊन बसले. बैठकीची जागा खुर्ची-मेजाने घेतली आणि मोडीच्या जागी प्रथम इंग्रजी व नंतर टंकयंत्र आले. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लागू लागल्या, डोक्यावरचा पंखा ओढण्यास निराळा माणूस बसू लागला. प्रांताचे वरिष्ठ अधिकारी उन्हाळ्यात पचमढीस जात. कारकून नागपुरातच राही.

या सर्वांपेक्षा मोठा पालट झाला तो घड्याळाने. पूर्वी सकाळी एक बैठक आणि उन्हे कलल्यावर दुसरी, मध्ये जेवण व विश्रांती, असा कामाचा क्रम असे. इंग्रजी कचेरीने दहा-अकरापासून पाचापर्यंतचा अखंड पट्टा बांधला. त्यामुळे दिवसाचे मुख्य जेवण सकाळी घाईघाईने उरकून कारकून धावत कचेरीत जाई, आणि भरल्या पोटी सहा-सात तास एका जागी बसे. चरकाने प्रमेहाच्या कारणांत 'आस्यासुख' म्हणजे बसून राहण्याचे सुख प्रथम गणले आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. अर्थात चरकाच्या काळी हे सुख श्रीमंतांस लाभत असे. इंग्रजी राज्याने ते दरमहा तीस रुपयांच्या माणसासही सक्तीने दिले.

तरीही त्या काळच्या कारकुनाचे चालणे सुटलेले नव्हते. नागपूरचा नकाशा पाहिल्यास याचे कारण कळून येते. लोहमार्गाने शहराचे दोन भाग केले आहेत. पूर्वेस महाल, इतवारी अशी जुनी वस्ती. पश्चिमेस सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे सिव्हिल लाइन्स आणि तेथील कचेऱ्या. कारकून राहे पूर्वेस आणि लिही पश्चिमेस. महालातून सचिवालयापर्यंत तीन-चार किलोमीटरांचा रस्ता; तो जाता-येता पायी, पुढे सायकलने तोडावयाचा. घरी विहिरीचे पाणी, वाड्याचे उंच जिने, रविवारचा बाजार. घरच्या स्त्रियांच्या वाट्यास तर जाते, पाटा आणि पाण्याच्या घागरी असा याहून कितीतरी भारी व्यायाम येई आणि त्यास कोणी व्यायाम म्हणत नसे. सारांश, खुर्चीने जे हिरावले त्यातील बराच भाग रस्ता आणि घर परत देत होते. ही कोणाची योजना नव्हती, नाइलाज होता. परंतु शरीरास हेतू कळत नाही. त्यास केवळ हालचाल कळते.

यावरून जुना काळ निरोगी होता असे अनुमान कोणी काढील तर ते चुकीचे ठरेल. पटकी, देवी, प्लेग, हिवताप आणि क्षय यांनी माणूस पन्नाशीस पोहोचण्यापूर्वीच नेला जाई. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते; आज ते सत्तरीच्या घरात आहे. हृदयविकारास फळ धरण्यास जो अवधी लागतो तो अवधीच पूर्वी पुष्कळांस मिळत नसे. तथापि ज्यांस मिळाला त्यांच्यात तो दिसलाच. न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी हृदयविकाराने निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५८ होते. विश्वविद्यालयाचे पदवीधर अकाली का मरतात, या प्रश्नाची जाहीर चर्चा खुद्द रान्यड्यांनीच त्यापूर्वी काही वर्षे केली होती. तेलंग ४३ व्या वर्षी गेले, आगरकर ३९ व्या, गोखले ४८ व्या. प्रत्येकाचा रोग निराळा असेल. पण सुशिक्षितांच्या प्रकृतीविषयीची धास्ती महाराष्ट्राच्या मनात तेव्हापासून घर करून राहिली.

या धास्तीतूनच आपल्याकडील व्यायामाची चळवळ बळावली. टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूस ठेवून तालमीत घालविले, ही कथा घराघरांत सांगितली जाई. नागपूरपासून दीडशे किलोमीटरांवर अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली जी संस्था काढली, ती पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून सर्वतोमुखी झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने आपले देशी खेळ जगास दाखविले. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापिले आणि आसनांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो हे यंत्रे लावून मोजावयास आरंभ केला. बडोद्याहून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रथम सँडोची साधने काही वर्षे वापरली. नंतर ती सोडून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी तो रूढ केला. त्यांचा १९३८ साली लंडनहून निघालेला इंग्रजी ग्रंथ परदेशी वाचकांपर्यंतही पोहोचला. स्वतः पंतप्रतिनिधी ८२ वर्षे जगले.

या चळवळीचे ऋण मोठे आहे. परंतु तिच्यात एक उणीव होती. तिची दृष्टी तरुणावर, किंबहुना विद्यार्थ्यावर खिळलेली होती. देश बलवान व्हावा म्हणून मुलांनी जोर-बैठका काढाव्या, मल्लखांब करावा, लाठी फिरवावी, हा तिचा संदेश. मुलगा मॅट्रिक झाला, नोकरीस लागला, त्याचे लग्न झाले की आखाड्याशी त्याचा संबंध संपे. पुढे तो आपल्या मुलास आखाड्यात पाठवी आणि आपण तरुणपणी किती जोर काढीत असू हे त्यास ऐकवी. व्यायाम हा आपण एक संस्कार मानला. मुंजीप्रमाणे तो योग्य वयात एकदा उरकला की कर्तव्य संपले. चाळिशीतील, पोट सुटू लागलेला, रात्री हिशेबाची वही घरी आणणारा कारकून या चळवळीस दिसलाच नाही. सूर्यनमस्कारास जागा, साधन वा सोबती काहीच लागत नसल्यामुळे तोच काय तो त्याच्या घरापर्यंत पोहोचू शकत होता. पण तोही बहुधा मुलांच्याच वाट्यास गेला.

तरुणपणचा व्यायाम प्रौढपणी पुरतो का, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नव्हे, लंडनमध्ये मिळाले. बसून काम करण्याचे दुष्परिणाम युरोपातही जुनेच ठाऊक होते. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या रोगांवर निराळे प्रकरण घातले. सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि मनाचा ताण ही तीन कारणे त्याने सांगितली. पण हा अनुभवी वैद्याचा तर्क होता. मोजून सिद्ध केलेला पुरावा जेरी मॉरिस या इंग्रज संशोधकाने १९५३ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात मांडला. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसलेला असे आणि कंडक्टर तिकिटे देत दिवसातून पाच-सहाशे पायऱ्या चढे. दोघे एकाच कंपनीचे, एकाच वर्गातले. तरी कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला आणि झालाच तर सौम्य आढळला. टपालखात्यातही पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनची स्थिती टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा चांगली दिसली. मॉरिस व त्याचे सहकारी येथेच थांबले नाहीत. १९५६ साली त्यांनी बसच्या नोकरांना दिलेल्या गणवेशांची मापे तपासली. तेव्हा नोकरीस लागतानाच चालकांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी असे, हे निघाले. आपल्याच सिद्धांतास छेद देऊ शकणारा हा पुरावा त्यांनी लपविला नाही, म्हणूनच त्यांच्या पुढील शब्दास वजन आले.

पुढे मॉरिसने सरकारी कचेऱ्यांतील हजारो अधिकाऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. हे सगळे खुर्चीवर बसणारेच. फरक केवळ कचेरीबाहेरच्या वेळेचा. जे फुरसतीत दमदार व्यायाम करीत त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण निम्म्यावर आले. मात्र जे तरुणपणी खेळाडू होते आणि पुढे खेळ सोडून बसले, त्यांस पूर्वीच्या खेळाचा काहीच लाभ मिळालेला दिसला नाही. अमेरिकेत पॅफेनबार्गरने हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे सतरा हजार माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९७८ साली हाच निष्कर्ष काढला. कॉलेजच्या संघातून खेळलेला पण नंतर सुस्त झालेला मनुष्य उघडा पडतो; कॉलेजात कधी न खेळलेला पण पुढे चालत-फिरत राहिलेला मनुष्य वाचतो. म्हणजे हृदय हे बचतीचे खाते नव्हे. तेथे काल भरलेली शिल्लक उद्या मिळत नाही. आपल्या व्यायामचळवळीच्या मुळाशी असलेली समजूत येथे ढासळते.

त्याच लंडनमधील दुसरी एक गोष्ट सांगितली नाही तर हे चित्र एकांगी होईल. १९६७ च्या सुमारास व्हाइटहॉलच्या सरकारी नोकरांची जी पाहणी सुरू झाली, तिच्यात सर्वांत खालच्या श्रेणीतील निरोप्ये व शिपाई हे वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने पुष्कळ अधिक मरतात असे आढळले. निरोप्या चालतो, साहेब बसतो. तरी मरतो निरोप्या. धूम्रपान, अपुरे वेतन, आणि आपल्या कामावर आपला काहीच ताबा नसल्याची सततची जाणीव, यांचा भार चालण्याने भरून निघत नाही. म्हणून कारकुनास 'व्यायाम कर' एवढे सांगून वरिष्ठांनी हात झटकणे हे शास्त्रासही धरून नाही.

बसण्याने नेमके काय होते, तेही थोडक्यात पाहू. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. परंतु पायांतील रक्त वर चढविण्यास पोटऱ्यांचे स्नायू त्यास साहाय्य करतात. मनुष्य बसून राहिला म्हणजे हे साहाय्य बंद पडते. रक्तातील साखर आणि चरबी खर्च करणारे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे मांड्यांचे व पोटऱ्यांचे मोठे स्नायू. ते निजले की साखर व चरबी रक्तात रेंगाळते, रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते, रक्तदाब चढतो. हे एका दिवसात होत नाही; वीस वर्षांच्या नोकरीत होते. त्यातून आपण दक्षिण आशियाई लोक या बाबतीत दुर्दैवी आहो. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आपल्याकडील रुग्णांस हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो असे दिसले. ऐन कर्तेपणी, मुलांची शिक्षणे व्हावयाची असता, घराचा आधार जातो.

आता पुन्हा नागपुराकडे वळू. १९५६ साली या शहराचे राजधानीपद गेले, पण कचेऱ्या गेल्या नाहीत. हायकोर्टाचे खंडपीठ, लेखापालांची कार्यालये, रिझर्व्ह बँक, रेल्वे, कोळसा व मँगनीज यांच्या कंपन्या, आणि अलीकडे मिहानमधील संगणकाची कामे यांनी खुर्च्यांची संख्या वाढविलीच. गेले ते दुसरेच काही. १९७२ साली बजाजची चेतक स्कूटर आली आणि हळूहळू कारकुनाची सायकल कोपऱ्यात गेली. नळ आला, गिरणी आली, उद्वाहक आला. फाईल आणण्यास उठावे लागे, ती पडद्यावर आली. शेजारच्या खोलीत जाऊन विचारावे लागे, ते दूरध्वनीवर होऊ लागले. स्त्रियाही कचेऱ्यांत आल्या, आणि घरकाम न सुटता खुर्ची मात्र त्यांच्याही वाट्यास आली. २०२० च्या फेब्रुवारीअखेर राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला. शनिवार मोकळा झाला, पण उरलेल्या पाच दिवसांचा पट्टा पावणेदहापासून सव्वासहापर्यंत लांबला. एवढ्या वेळात जागेवरून उठण्याचे पुष्कळांचे खात्रीचे निमित्त म्हणजे चहाची टपरी आणि खर्रा. त्या खऱ्र्यातील तंबाखू हृदयाचीच वैरीण, हे त्या उठण्याचे दुर्दैव. पूर्वी खुर्ची घेई आणि रस्ता परत देई. आता खुर्ची घेते आणि परत देणारे कोणी राहिले नाही. या शहराच्या कारकुनी इतिहासातील खरा संक्रमणकाळ हाच होय.

मग करावे काय? अंबाझरी, तेलंखेडी, सेमिनरी हिल्स, महाराजबाग या ठिकाणी पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी असते ही आशेची गोष्ट आहे; मात्र तिच्यात निवृत्त मंडळीच फार, आणि त्यांपैकी पुष्कळांस वैद्याच्या धाकाने तेथे आणलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला. म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटे झपझप चालणे. आपल्या वाग्भटाने बलवानासही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे; चाळिशी उलटलेल्याने एकदम पहिलवान होण्याचा हट्ट धरू नये, पण अर्धी शक्तीही न वापरण्याची सबब वाग्भटाच्या नावावर सांगू नये. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा दुपारी चालावयास कोणी सांगणार नाही. परंतु कचेरीचे जिने सावलीतच असतात. तासातून एकदा उठणे, जिन्याने चढणे, मेट्रोचे एक स्थानक आधी उतरणे, यांस आखाडा लागत नाही.

कचेऱ्यांचेही काही कर्तव्य आहे. ज्या व्यवस्थेने माणसास आठ तास बसविले, तिने त्यास मध्ये उठू देणे ही मेहेरबानी नव्हे. जिना उजेडाचा व स्वच्छ ठेवणे, सायकल ठेवण्यास जागा देणे, दुपारच्या सुट्टीत पाय मोकळे करण्यास दहा मिनिटे अधिक देणे, आणि खालच्या श्रेणीतील माणसाच्या रक्तदाबाची वरच्याइतकीच काळजी घेणे, यांस मोठा खर्च लागत नाही.

नागपुरातच १८९५ साली जन्मलेले कर्नल सी. के. नायडू १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात कर्णधार होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु साठी उलटल्यावरही ते रणजी सामन्यांत खेळत होते, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. तरुणपणी षटकार मारणारे पुष्कळ निघतात. साठीत मैदानावर उभा राहणारा विरळा. आपल्या व्यायामचळवळीने तरुणांस बलवान होण्यास शिकविले. प्रौढांस हलते राहण्यास शिकविणे हे तिचे उरलेले काम आहे, आणि ते व्यायामशाळेत नव्हे, कचेरीत व्हावयाचे आहे. 'कारकून' या शब्दाचा अर्थ काम करणारा असा असेल, तर त्या कामात त्याच्या हाताबरोबर पायांसही पुन्हा वाटा मिळाला पाहिजे.